गिर्यारोहकाचे घड्याळ आणि हवेचे ओझे

गेल्या पावसाळ्यात, जुलैच्या एका दुपारी, आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध भगिनी रुमालात गुंडाळलेले एक घड्याळ घेऊन आमच्याकडे आल्या. त्यांचे यजमान जानेवारीत प्रभूघरी गेले होते. तरुणपणी ते मालवाहू जहाजांवर इंजिन विभागात नोकरीस होते, आणि एका सफरीत युरोपातील कुठल्याशा बंदरावर त्यांनी हे घड्याळ विकत घेतले होते. बेलापूरला सिडकोच्या वसाहतीत स्थायिक झाल्यावर रविवारची मिस्सा आटोपली की धर्मग्रामातील चार पोरे गोळा करून ते कर्नाळ्याला नाही तर प्रबळगडाला निघत. त्या वेळी हे घड्याळ हटकून त्यांच्या मनगटावर असे.

घड्याळ बंद होते. चावी देणारा हात गेल्यावर चावीचे घड्याळ दोन दिवसांत थांबते, त्यात नवल नाही. तासकाटा, मिनिटकाटा जागच्या जागी खिळले होते. परंतु तबकडीवर आणखी एक लाल काटा होता. त्या काट्याकडे बोट दाखवून त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "फादर, घड्याळ मेलंय, पण हा काटा चढतोय. ते गेले तेव्हा शून्यावर होता. आता ऐंशीवर आलाय. ह्यांचा आत्मा वर चढत असेल का हो?"

आम्ही निरुत्तर झालो. शुद्धिस्थानातील आत्म्यांसाठी प्रार्थना करावी असे आम्हीच व्यासपीठावरून सांगत आलो आहोत. एका विधवेला तिच्या प्रार्थनेचे फळ डोळ्यांनी दिसत आहे असे वाटत असेल, तर ते वाटणे मोडावे की राहू द्यावे? "आठवडाभराने या" असे सांगून आम्ही वेळ मारून नेली. त्या आठवड्यात त्या घड्याळाची कुळकथा धुंडाळली. ती वाचकांपुढे ठेवण्याजोगी आहे असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

घड्याळाच्या तबकडीवर 'फाव्र-लुबा' हे नाव आणि त्याखाली 'बिव्हॉक' असा शब्द होता. आपल्याकडील जुन्या पिढीला हे कारखानदार 'फेवर ल्युबा' या नावाने ठाऊक आहेत. साठ-सत्तरच्या दशकांत मुंबईत लग्नात जावयाला द्यायचे घड्याळ म्हणून ज्या थोड्या नावांचा उच्चार होई, त्यांत हे एक होते. स्वित्झर्लंडमधील ल लोक्ल या डोंगराळ गावी अब्राहम फाव्र नावाच्या घड्याळजीने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात हा व्यवसाय सुरू केला; १७३७ हे त्याचे स्थापनावर्ष मानले जाते. पुढे लुबा घराण्याशी भागीदारी व सोयरीक झाली आणि दोन्ही नावे जोडली गेली. ज्या प्रांतात हिवाळ्यात सहा-सहा महिने बर्फ साचते आणि शेती थांबते, तेथील शेतकऱ्यांनी घरात बसून दिव्याच्या उजेडात चाके व कमानी घडवाव्यात, हे त्या भूमीचे प्राक्तनच होते. त्यात फ्रान्समधून धर्मछळामुळे परागंदा झालेल्या प्रॉटेस्टंट कारागिरांची भर पडली. आपल्या एका हातून दुखावलेल्या बांधवांनी दुसऱ्या देशात जाऊन जगाला वेळ दाखवली, ही गोष्ट आपण कॅथलिकांनी नम्रपणे लक्षात ठेवावी.

या घराण्यातील फ्रिट्झ फाव्र १८६५ च्या सुमारास हिंदुस्थानात आले आणि मुंबईशी या पेढीचे नाते जुळले. तो काळ ध्यानात घ्यावा. बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली होती. आगगाडीला सूर्याची वेळ पुरत नाही, मिनिटांची वेळ लागते. तोवर आपल्या कोळीवाड्यांना भरती-ओहोटीची, शेतकऱ्याला सावलीची आणि ख्रिस्ती वाड्यांना आंजेलसच्या घंटेची वेळ पुरेशी होती. मुंबईने तर पुढेही आपली वेगळी वेळ जपली. १ जानेवारी १९०६ पासून साऱ्या देशासाठी प्रमाणवेळ लागू झाली, तरी तिच्या ३९ मिनिटे मागे चालणारी 'मुंबईची वेळ' या शहराने १९५५ पर्यंत सोडली नाही. अशा शहरात घड्याळ विकणाऱ्याला गिऱ्हाइकांची वाण कशी पडावी?

'बिव्हॉक' हे घड्याळ मात्र लग्नातील जावयासाठी नव्हते. ते १९६२ मध्ये बाजारात आले. मनगटावर बांधायच्या यांत्रिक घड्याळात वायुभारमापक बसवून त्यावरून समुद्रसपाटीपासूनची उंची वाचता यावी, अशी ती पहिलीच रचना होती. तबकडीभोवतीचे कडे फिरवता येते आणि त्यावर उंचीचे आकडे कोरलेले असतात. ३००० मीटरपर्यंतची उंची लाल काटा दाखवतो. एव्हरेस्टच्या मानाने ही मर्यादा तोकडी वाटेल. परंतु आपल्या सह्याद्रीचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे. म्हणजे अवघा सह्याद्री त्या कड्याच्या अर्ध्यापेक्षा थोड्या अधिक भागात मावतो, आणि तरीही लाल काट्याला पुढे चढायला जागा उरते.

काट्याला उंची कळते तरी कशी? या प्रश्नाचे उत्तर आपल्याला सतराव्या शतकात घेऊन जाते. गॅलिलिओचे शिष्य तोरिचेल्ली यांनी १६४३-४४ च्या सुमारास पाऱ्याने भरलेली नळी पाऱ्याच्या वाटीत उलटी धरून दाखवून दिले की, हवेला वजन आहे आणि तिचे ओझे पाऱ्याचा स्तंभ तोलून धरते. मग फ्रान्समधील ब्लेझ पास्काल यांच्या मनात आले, आपण जर हवेच्या समुद्राच्या तळाशी राहत असू, तर डोंगरावर चढल्यावर डोक्यावरील हवा कमी झाली पाहिजे आणि पारा उतरला पाहिजे. ते स्वतः प्रकृतीने दुबळे होते. त्यांचे मेहुणे फ्लोरँ पेरिए यांनी १९ सप्टेंबर १६४८ रोजी हा प्रयोग केला. क्लेरमाँ गावातील मिनिम संघाच्या मठाच्या बागेत त्यांनी एक नळी उभी केली, दुसरी घेऊन सोबत्यांसह ते प्वी द दोम या डोंगरावर चढले. माथ्यावर पारा खालच्यापेक्षा तीन फ्रेंच इंचांहून थोडा अधिक उतरलेला दिसला. सर्वांना अतीव आनंद झाला.

पण या कथेतील एक व्यक्ती आम्हाला विशेष प्रिय आहे. डोंगरावर सगळे गेले, तेव्हा मठातील एक धर्मगुरू, फादर शास्तँ, खालीच राहिले. दिवसभर बागेतील नळीतील पारा हलतो की काय, हे पाहत बसण्याचे काम त्यांच्याकडे होते. पारा हलला नाही, असे त्यांनी संध्याकाळी सांगितले, म्हणूनच वरचा फरक डोंगराचा आहे, हवापालटाचा नाही, हे सिद्ध झाले. इतिहासाने शिखरावर गेलेल्यांची नावे मोठ्या अक्षरांत लिहिली. खाली बसून इमानाने पाहत राहिलेल्या त्या धर्मगुरूशिवाय मात्र तो प्रयोग लंगडा पडला असता. आमच्यासारख्या, सारे आयुष्य पायथ्याच्या धर्मग्रामांत घालवलेल्या माणसाला ही गोष्ट धीर देते.

पाऱ्याची नळी मनगटावर बांधता येत नाही. ती अडचण १८४४ मध्ये ल्युसिएं व्हिदी या फ्रेंच संशोधकाने दूर केली. पातळ धातूची, आतील हवा काढून घेतलेली बंद डबी त्याने तयार केली. बाहेरील हवेचे ओझे वाढले की डबी चेपते, कमी झाले की फुगते. ती सूक्ष्म हालचाल तरफांनी वाढवून काट्यापर्यंत पोचवायची. हाच अॅनेरॉइड वायुभारमापक. 'बिव्हॉक'च्या पोटात अशीच एक इवलीशी डबी आहे. तिला चावी लागत नाही, तेल संपले तरी तिचे अडत नाही. म्हणून मालक गेल्यावर घड्याळ थांबले, तरी लाल काटा हवेचे ऐकत राहिला.

आता 'बिव्हॉक' या शब्दाविषयी. स्विस जर्मन बोलीतील एका शब्दावरून तो फ्रेंचमध्ये आला. मूळ अर्थ रात्रीचा ज्यादा पहारा. गिर्यारोहकांच्या भाषेत तंबू-निवाऱ्याशिवाय डोंगरावर उघड्यात काढलेली रात्र म्हणजे बिव्हॉक. अशी एक रात्र ख्रिस्तसभेच्या इतिहासात कायमची नोंदली गेली आहे. मिलान येथील अँब्रोसियन ग्रंथालयात जुनी हस्तलिखिते चाळणारे ३२ वर्षांचे एक धर्मगुरू, फादर अकिले रात्ती, जुलै १८८९ च्या अखेरीस फादर ग्रासेल्ली व दोन वाटाड्यांसह मोंते रोझा पर्वताच्या पूर्वेकडील भयंकर कड्याने चढून गेले. माथ्याजवळ पोचेतो दिवस मावळला. सुमारे ४६०० मीटर उंचीवर एका अरुंद खडकावर, झोप लागली तर अंत ठरलेला म्हणून, त्यांनी ती रात्र जागून काढली. दुसऱ्या दिवशी ४६३४ मीटर उंचीचे शिखर गाठून ते पलीकडे उतरले. हेच फादर रात्ती १९२२ मध्ये पोप पायस अकरावे झाले. आल्प्सच्या घाटात वाटसरूंसाठी आश्रयस्थान उभारणारे मेंथोंचे संत बर्नार्ड यांना त्यांनी १९२३ मध्ये गिर्यारोहकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. ७ सप्टेंबर २०२५ रोजी संतपदी चढवले गेलेले तरुण पिएर जॉर्जो फ्रास्साती हेही डोंगरांचे वेडे होते. तेव्हा रविवारच्या मिस्सेनंतर गडावर जाणारी मुले देवापासून दूर जातात, अशी शंका कुणी पालकांनी बाळगू नये. मिस्सा चुकवू नये म्हणजे झाले.

दुसरी रात्र अशी सुखान्त नाही. ३० जुलै १९५४ रोजी के-टू पर्वतावर इटालियन तुकडीतील २४ वर्षांचे वॉल्टर बोनात्ती आणि हुंझाचे हमाल आमिर मेहदी प्राणवायूच्या जड नळ्या घेऊन वर चढत होते. शिखरावर जाणाऱ्या दोघांचा तंबू ठरल्यापेक्षा वर, भलत्याच जागी लावलेला होता. अंधार पडला, तंबू सापडला नाही. सुमारे ८१०० मीटर उंचीवर दोघांनी तंबूवाचून बर्फात रात्र काढली. दुसऱ्या दिवशी त्याच नळ्यांच्या बळावर दुसरे दोघे शिखरावर पोचले आणि इटलीत जयजयकार झाला. मेहदींच्या पायांची सगळी बोटे हिमदंशाने कापावी लागली. बोनात्तींवर तर पुढे, १९६४ मध्ये, वर्तमानपत्रातून असा आरोप झाला की त्यांनीच प्राणवायू वापरून टाकला. ते न्यायालयात जिंकले. पण त्यांचे म्हणणे खरे असल्याचे इटालियन आल्पाइन क्लबने अधिकृतपणे मान्य केले ते २००८ मध्ये. मेहदी तोवर हयात नव्हते. १९९९ मध्येच त्यांचे निधन झाले होते.

त्याच १९६४ च्या ऑगस्टमध्ये बोनात्ती मिशेल व्होशे यांच्यासह ग्रांद जोरास या शिखराच्या उत्तर कड्यावर, कोसळत्या दगडांतून, नव्या वाटेने चढले. त्यांच्या मनगटावर 'बिव्हॉक' होते, असे पेढीच्या इतिहासात अभिमानाने सांगितले जाते. उघड्यावरील त्या रात्रीपायी दहा वर्षे ज्याची झोप उडाली, त्याच्या मनगटावर त्याच नावाचे घड्याळ असावे, हा योगायोग मनाला चटका लावतो. आणि आणखी एक विचार येतो. जाहिरातीत घड्याळ चढणाऱ्याच्या मनगटावर दिसते; ओझे वाहणाऱ्याच्या मनगटाचे चित्र सहसा कुणी काढत नाही.

आपल्या मातीकडे वळू. बेलापूर म्हटले की लोकांना सिडको भवन, कोकण भवन आणि लोकलचे स्थानक आठवते. पण सिडकोचा जन्म १९७० चा. त्याआधी कितीतरी शतके पनवेलच्या खाडीच्या तोंडावरील हा मोक्याचा टापू पोर्तुगीज, मराठे आणि इंग्रज यांच्या हातांतून फिरत होता, आणि त्याचा साक्षीदार असलेला किल्ला अजून भग्नावस्थेत उभा आहे. खाडी समोर आणि पारसिकची डोंगररांग पाठीशी, अशी या नगराची बैठक आहे. येथील डोंगरउतारावरचे कातळ मुंबईच्या प्रस्तरारोहकांना कित्येक वर्षे शाळेसारखे उपयोगी पडले आहेत. नवी मुंबईत २०१६ व २०१७ मध्ये प्रस्तरारोहणाच्या विश्वचषक मालिकेतील सामनेही झाले. थोडे दूर गेले की कर्नाळा, प्रबळगड, सुमारे ८०० मीटर उंचीचे माथेरान. समुद्रसपाटीला लागून डोंगर, अशी ही जागा उंचीमापक घड्याळाला जणू मुद्दाम योजलेली.

मात्र याच जागेत त्या घड्याळाची खरी परीक्षाही होते. उंचीमापक वस्तुतः उंची मोजत नाही. तो हवेचे ओझे मोजतो आणि त्यावरून उंचीचा अंदाज बांधतो. समुद्रसपाटीजवळ सुमारे साडेआठ मीटर चढले की हवेचा दाब एक मिलिबारने उतरतो. परंतु दाब केवळ चढण्यानेच उतरत नाही. आपल्या किनाऱ्यावर जानेवारीत हवेचा सरासरी दाब सुमारे १०१३ मिलिबार असतो, आणि जुलैत, उपखंडावर मान्सूनचा कमी दाबाचा पट्टा बसला की, तो सुमारे १००३ पर्यंत घसरतो. फरक दहा मिलिबारचा. त्याचा हिशेब केला तर उंची भरते ८० ते ८५ मीटर! जानेवारीत शून्यावर लावलेले घड्याळ कपाटातून न हलवताही जुलैत ऐंशी मीटर चढलेले दिसते. म्हणूनच जाणता गिर्यारोहक प्रत्येक चढाईआधी, ज्या जागेची उंची ठाऊक आहे तेथे उभा राहून, कडे फिरवून काटा जुळवून घेतो. ते यजमान तसेच करीत, हे त्यांच्यासोबत गेलेल्या, आता पन्नाशीला आलेल्या एका 'पोरा'ने आम्हाला सांगितले. डोंगराकडे निघण्यापूर्वी ते खाडीकाठी उभे राहून घड्याळ शून्यावर आणीत, आणि मगच मुलांना "चला" म्हणत.

या घड्याळाच्या घराण्याचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. सत्तरच्या दशकात जपानी क्वार्ट्झ घड्याळे आली आणि स्वित्झर्लंडमधील शेकडो जुन्या पेढ्या कोलमडल्या. ऐंशीच्या दशकात फाव्र-लुबाही संस्थापक कुटुंबाच्या हातून गेली आणि अनेक हातांतून फिरली. आपल्याकडे एचएमटीने १९६१ मध्ये बंगळूरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने घड्याळे बनवायला घेतली होती. त्या एचएमटीचा घड्याळांचा व्यवसायही २०१६ मध्ये बंद करण्याचा निर्णय झाला. काळाचा विनोद असा की, जी स्विस पेढी मुंबईत विकायला आली होती, ती २०११ मध्ये भारताच्या टायटन कंपनीने विकत घेतली. पुढे २०२३ मध्ये ती दुसऱ्या एका भारतीय उद्योगसमूहाकडे आली आणि २०२४ मध्ये तिची नवी घड्याळे जिनिव्हात मांडली गेली. आज गिर्यारोहकाच्या मनगटावर उपग्रहाकडून ठावठिकाणा विचारणारी यंत्रे असतात. तरी त्यांतील कित्येकांत हवेचा दाब मोजणारी चिमुकली योजना अजूनही असते.

आठवड्याने त्या भगिनी आल्या. बरोबर थोरला मुलगा होता. जुन्या घड्याळांच्या एका शौकिनाने चांगली किंमत देऊ केली आहे, असे तो म्हणत होता. आम्ही त्या माउलीला सारे सांगितले: पारा, डोंगर, डबी, पावसाळ्यातील हलकी हवा. शेवटी जे सांगणे जिवावर आले होते तेही सांगितले, की नोव्हेंबरात, मृत भाविकांच्या स्मरणाचा महिना उजाडेल तेव्हा, हा काटा पुन्हा खाली येऊ लागेल. त्या वेळी त्यांनी घाबरू नये. पती खाली आले असे समजू नये. आत्म्याची उंची मोजणारा काटा कोणत्याही कारखान्यात बनत नाही. ते मोजमाप दयाळू पित्याच्या हाती आहे, आणि आपल्याकडे प्रार्थना आहे.

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. आम्हाला वाटले, आपण काहीतरी हिरावून घेतले. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे तो काटा त्यांचं नाही, हवेचं सांगतो. बरं झालं फादर. तो खाली आला असता तर मी कुणाला विचारलं असतं?" या उत्तराने आमचे डोळे उघडले. खोटा दिलासा ऋतू बदलला की उतरतो, आणि तो उतरताना माणूस एकटा असतो. आठवडाभर आम्ही जे सांगायला कचरलो, ते ऐकण्याची ताकद त्या माउलीत आमच्यापेक्षा अधिक होती.

घड्याळ विकले गेले नाही. डिसेंबरात, आगमनकाळात, आम्ही त्यांच्या घरी आजाऱ्यांचा कम्युनियन घेऊन गेलो, तेव्हा ते वेदीजवळच्या फळीवर पवित्र मरियेच्या चित्राखाली ठेवलेले दिसले. लाल काटा शून्याच्या आसपास परतला होता. थोरल्याने त्याला चावी द्यायला सुरुवात केली आहे, असे कळले. नाताळच्या सुटीत वडिलांच्या वाटेने आपल्या मुलांना कर्नाळ्याला न्यायचा त्याचा बेत होता. त्याआधी खाडीकाठी उभे राहून कडे कसे फिरवायचे, तेवढे त्याने आम्हाला दोनदा विचारून घेतले.

वाचकहो, आपण सारेच आपापली उंची वाचीत असतो: पगाराने, पदाने, मुलांच्या गुणांनी, धर्मग्रामातील मानाने. त्यातील किती चढण आपल्या पायांची आणि किती भोवतालच्या हवेची, हे तपासायला माणसाला मधूनमधून एखाद्या ठाऊक जागी येऊन काटा शून्यावर लावावा लागतो. प्रायश्चित्त संस्कार ही ख्रिस्तसभेने आपल्यासाठी राखलेली अशी जागा आहे. गेलेल्यांच्या उंचीची काळजी ज्याने करायची तो करीत आहे. आपण आपला काटा जुळवून घ्यावा.